उंटकोळी पाळण्याआधी: नर, मादी की पिल्लू?

उंटकोळी घेऊ पाहणारा माणूस सहसा काचपेटी किती मोठी हवी, हे आधी विचारतो. हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु त्याच्याही आधीचा प्रश्न असा आहे की, समोर असलेला प्राणी नर आहे, मादी आहे, की अजून पूर्ण वाढ न झालेले पिल्लू आहे. बहुतेक जातींचे सारे आयुष्य साधारण एका वर्षात आटोपते आणि विक्रीला येणारे जवळजवळ सगळे उंटकोळी रानातून पकडून आणलेले, बहुधा प्रौढ झालेले असतात. त्यामुळे प्रौढ नर घरी आणणाऱ्याच्या हाती त्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे येतात, मादी आणणाऱ्याच्या हाती काही महिने आणि कदाचित अंडी येतात, तर अर्धवट वाढलेले पिल्लू आणणाऱ्याला कात टाकण्याच्या अवघड काळातून त्याला पार न्यावे लागते. या तिघांची निगा वेगवेगळी असते. म्हणूनच पेटीच्या आधी लिंगओळखीचा विचार करू.

प्रथम प्राण्याची थोडी ओळख. नावात कोळी असला तरी हा खरा कोळी नव्हे. कोळी आणि विंचू यांच्याच अष्टपाद वर्गातील सॉलिफ्यूजी नावाचा हा स्वतंत्र गण आहे. लॅटिनमधील या नावाचा अर्थ सूर्यापासून पळणारे असा होतो. जगभरात त्याच्या अकराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि ऑस्ट्रेलिया सोडल्यास बहुतेक उष्ण, कोरड्या प्रदेशांत हे प्राणी आढळतात. पाळीव प्राण्यांच्या युरोपीय बाजारात प्रामुख्याने इजिप्तमधून आलेले गॅलिओडिस वंशाचे मोठे प्राणी असतात. गॅलिओडिस ग्रँटी किंवा गॅलिओडिस अरब्स या नावांनी ते विकले जातात, मात्र डब्यावरच्या नावावर फार भरवसा ठेवू नये. याच वंशाचे प्राणी आपल्या दख्खनच्या कोरड्या माळरानांवरही आहेत. उन्हाळ्याच्या रात्री दिव्याखालच्या किड्यांच्या मागे एखादा पिवळट, केसाळ प्राणी भिंतीवरून सुसाट पळताना दिसला, तर तो बहुधा हाच असतो. पुढील सर्व विवेचन गॅलिओडिस डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

उंटकोळ्याला विषाची नांगी नाही आणि विषाचे दातही नाहीत. रॅगोडिस या दुसऱ्या वंशातील एका भारतीय जातीत विषग्रंथी असल्याचा दावा १९७८ मध्ये झाला होता, परंतु त्याला पुढे दुजोरा मिळाला नाही. उंटांचे पोट पोखरण्याच्या कथा आणि २००४ मध्ये इराकमधून पसरलेले ते ‘माणसाच्या मांडीएवढ्या’ उंटकोळ्यांचे छायाचित्र यांवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. त्या छायाचित्रात एकमेकांना पकडून लोंबणारे दोन प्राणी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेले होते, एवढेच. प्रत्यक्षात मोठ्या गॅलिओडिसचे धड पाच ते सात सेंटीमीटर लांब असते आणि पसरलेल्या पायांसह तो तळहाताएवढा दिसतो. चावा मात्र खरा आहे. तोंडापुढे शेजारी शेजारी दोन अडकित्ते बसवल्यासारखे त्याचे जबडे असतात. प्रत्येक जबड्याचे वरचे पाते स्थिर असते आणि खालचे हलते. मोठ्या प्राण्याच्या जबड्याने कातडी फाटू शकते.

लिंगओळखीची सारी किल्ली या जबड्यांतच आहे. प्रौढ नराच्या प्रत्येक जबड्याच्या स्थिर पात्यावर, आतल्या बाजूला, फ्लॅजेलम नावाचा एक अवयव असतो आणि मादीला तो कधीही नसतो. गॅलिओडिसमध्ये तो बारीक देठावर बसवलेल्या इवल्याशा चमच्यासारखा दिसतो. त्याचा रंग फिकट, जवळजवळ पारदर्शक असून चमच्याचे तोंड मागे, म्हणजे धडाच्या दिशेला, वळलेले असते. तो काही मिलिमीटरांचाच असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी शोधणे व्यर्थ आहे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, किंवा ज्यात जवळचे छायाचित्र स्पष्ट येते असा मोबाईल, यांपैकी काहीतरी हाताशी हवे. फ्लॅजेलमचा आकार कुळागणिक बदलतो. अमेरिकेतील एरेमोबॅटिडी कुळात तर चमच्याऐवजी पात्यावर खाच आणि बदललेले राठ केस दिसतात. म्हणून एका कुळाच्या चित्रावरून दुसऱ्या कुळातील प्राण्याची पारख करू नये.

पाहण्याची पद्धत अशी. प्राण्याच्या अंगापेक्षा किंचित मोठा, सपाट तळाचा, पूर्ण पारदर्शक डबा घ्यावा आणि त्यात प्राणी शिरल्यावर मागून मऊ स्पंजचा तुकडा हळूहळू सरकवत त्याची जागा इतकी कमी करावी की त्याला धावता येणार नाही, पण तो दाबलाही जाणार नाही. मग प्रकाश तिरपा टाकून, वरून आणि किंचित समोरून जबड्यांकडे पाहावे. दोन्ही जबडे एकमेकांना चिकटलेले असतील तर आतली बाजू दिसत नाही, अशा वेळी थोडे थांबावे. डिवचलेला प्राणी जबडे फाकवतो, पुढे-मागे घासून चरचर आवाजही करतो आणि नेमके तेव्हाच ते चमचे दिसून जातात. या क्षणाची सलग पंधरा-वीस छायाचित्रे काढून ठेवणे, भिंगातून डोळे ताणण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. सगळे दोन-तीन मिनिटांत उरकावे आणि प्राण्याला सोडून द्यावे.

फ्लॅजेलम दिसला तर निर्णय झाला. न दिसला तर मात्र लगेच मादी म्हणून मोकळे होता येत नाही. प्रौढ न झालेल्या नरालाही फ्लॅजेलम नसतो, तो शेवटची कात टाकल्यानंतरच दिसू लागतो. अशा वेळी इतर खुणा एकत्र पाहाव्या लागतात. प्रौढ मादीचे जबडे जाड, फुगीर आणि बळकट दातांचे असतात. नराची स्थिर पाती त्या मानाने बारीक, सरळसर आणि दुबळ्या दातांची असतात. नराचे धड लहान आणि सडपातळ असते, पण पाय व पुढचे पायांसारखे दिसणारे स्पर्शपाद धडाच्या मानाने लांब असतात, त्यामुळे तो उंच पायांवर उभा राहिल्यासारखा वाटतो. पोटाच्या खालच्या बाजूला, अगदी पुढच्या भागात, जननद्वाराचे झाकण असते. मादीत ते अधिक रुंद आणि ठळक असून मधली चीर स्पष्ट दिसते. डब्याच्या तळाखालून छायाचित्र काढल्यास हा भाग पाहता येतो.

नवशिक्यांची फसगत दोन ठिकाणी हमखास होते. पहिली पोटाच्या आकारावरून. ‘पोट मोठे म्हणजे मादी’ हा नियम मला तरी निरुपयोगी वाटतो, कारण उंटकोळी इतका हावरट असतो की भरपेट जेवलेल्या नराचेही पोट फुग्यासारखे होते आणि उपाशी मादी काडीसारखी दिसते. पोट फुगलेले असेल तर आठ-दहा दिवस अन्न थांबवून पाहावे. अन्नाने फुगलेले पोट ओसरत जाते. अंड्यांनी भरलेले पोट ओसरत नाही. दुसरी फसगत मागच्या पायांच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या, पंख्यासारख्या इवल्या अवयवांची. चौथ्या पायाच्या खालच्या बाजूला प्रत्येकी पाच असे हे अवयव असतात, त्यांना मॅलिओली म्हणतात आणि ते जमिनीवरचा वास-चव टिपतात. कोणी त्यांना अंडी समजतो, कोणी गोचीड समजून चिमट्याने उपटायला जातो. ते नर आणि मादी दोघांनाही असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो.

प्राणी प्रौढ नर ठरला, तर माझा सल्ला असा की तो विकत घेऊ नये. प्रौढ नर मादीच्या शोधात भटकण्यासाठीच उरलेला असतो. तो पेटीत रात्रभर काचेवर चढण्याचा प्रयत्न करीत राहतो, कमी खातो आणि थकून लवकर मरतो. त्यात पाळणाऱ्याची चूक असतेच असे नाही. मादी किंवा पिल्लू असेल तरच पुढची तयारी करण्यात अर्थ आहे.

काचपेटीचा तळ किमान तीस बाय तीस सेंटीमीटर असावा. यापेक्षा मोठी असल्यास उत्तमच, कारण हा धावणारा प्राणी आहे. उंची महत्त्वाची नाही, झाकण मात्र अत्यंत महत्त्वाचे आहे. स्पर्शपादांच्या टोकाला असलेल्या चिकट अवयवांच्या जोरावर तो गुळगुळीत काच चढतो, त्यामुळे झाकण घट्ट बसणारे आणि धातूच्या बारीक जाळीचे हवे. प्लास्टिकची मऊ जाळी तो जबड्याने कातरून काढतो. एका पेटीत एकच प्राणी, हा नियम कोणत्याही सबबीखाली मोडू नये. दोन एकत्र ठेवले की थोड्याच वेळात एक उरतो.

माती हा पेटीचा खरा जीव. हा प्राणी दिवसाचा सगळा वेळ बिळात काढतो आणि बीळ करता आले नाही तर तो शांत होतच नाही. निव्वळ वाळूत बीळ टिकत नाही, ते कोसळते. वाळूत सुमारे एक तृतीयांश चिकण किंवा पोयट्याची माती मिसळून, मिश्रण हलके ओले करून, थराथराने दाबत किमान पंधरा सेंटीमीटर भरावे आणि प्राणी सोडण्यापूर्वी आठवडाभर सुकू द्यावे. महाराष्ट्रातील वाचकांना चाळलेला बारीक मुरूमही चालतो. काळी माती मात्र टाळावी, कारण ती वाळली की भेगाळते आणि ओली झाली की चिखल होतो. दगड किंवा कौलाचा तुकडा ठेवायचा असल्यास तो मातीवर न ठेवता पेटीच्या तळावर टेकवून मग भोवती माती भरावी. अन्यथा खाली बीळ खणणाऱ्या प्राण्यावर दगड बसतो. एका कोपऱ्यात बोटाने तिरपे भोक पाडून ठेवल्यास प्राणी बहुधा तेथूनच खणायला सुरुवात करतो. खणताना तो जबड्यांनी माती सोडवतो आणि पुढ्यात ढीग करून ढकलत नेतो. हे दृश्य पाहण्यासारखे असते, आणि खरे सांगायचे तर पाळणाऱ्याला पाहायला मिळणारे तेच मुख्य दृश्य असते.

उष्णता वरून किंवा बाजूने द्यावी, खालून कधीही नको. उष्णता असह्य झाली की हा प्राणी सहजप्रेरणेने खाली खणतो. तळाखाली तापणारी चादर असेल तर तो जितका खणेल तितका भाजत जाईल. पेटीच्या एका टोकाला दिवसा ३२ ते ३५ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास आणि रात्री २० ते २२ अंश तापमान ठेवावे. युरोपात राहणाऱ्यांना यासाठी तापमान-नियंत्रक लागेल. सोलापूर-नगरकडच्या माणसाला मात्र उन्हाळ्यात पेटी पत्र्याच्या छपराखाली न ठेवण्याचीच काळजी घ्यावी लागेल. प्राणी निशाचर असल्याने खास दिवा लागत नाही. रात्री पाहायचे असल्यास मंद लाल प्रकाश वापरावा.

वरची माती कोरडी आणि खोलवरची किंचित दमट, अशी वाटणी साधावी लागते. त्यासाठी पाणी वरून शिंपडण्याऐवजी एका कोपऱ्यात उभ्या पुरलेल्या नळीतून आठवड्यातून एकदा थोडे ओतले की ते थेट तळाशी जाते. शिवाय बाटलीच्या झाकणात दोन खडे टाकून पाणी ठेवावे. सर्व पेटी दमट झाली की बुरशी धरते आणि दमटपणा या प्राण्याला कोरडेपणापेक्षा लवकर मारतो.

अन्नाच्या बाबतीत पाळणाऱ्याची दया प्राण्याच्या मुळावर येते. रातकिडे, झुरळे, नाकतोडे, भुंगेऱ्यांच्या अळ्या, वाळवी असे जे जे हलेल ते तो खातो. भक्ष्याला दोन्ही जबड्यांनी आळीपाळीने कातरत तो त्याचा लगदा करतो आणि पातळ झालेला भाग शोषून घेतो. थॉमस हटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने भारतातील एका मोठ्या गॅलिओडिसविषयी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत त्याच्या खादाडपणाचे असेच वर्णन आहे. कैदेतील प्राण्याने पाल-सरड्यांसारखे भक्ष्यही संपवले होते. पण खाऊ शकतो म्हणून खाऊ घालावे असे नाही. पोट इतके ताणले जाते की प्राण्याला चालता येत नाही, मातीवर घासून ते फाटण्याचा धोका असतो आणि सततच्या भरपेट खाण्याने त्याचे आयुष्य लवकर उरकते. प्राण्याच्या डोक्याएवढ्या आकाराचे एक-दोन कीटक आठवड्यातून दोनदा पुरेत. पोट गोल दिसत असेल तर तो आठवडा अन्नाविनाच जाऊ द्यावा. न खाल्लेला जिवंत कीटक सकाळी काढून घ्यावा. घरात औषध फवारले असेल तर तेथील झुरळे कधीही देऊ नयेत.

मग एक दिवस प्राणी बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून टाकतो आणि दिसेनासा होतो. पिल्लू असेल तर ते बहुधा कात टाकण्याच्या तयारीत असते. या काळात ते आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक, मेल्यासारखे निपचित पडून असते आणि नवे कवच टणक होईपर्यंत स्वतःचा बचाव करू शकत नाही. पाळलेले अनेक उंटकोळी याच टप्प्यावर, मेला की काय हे पाहण्यासाठी मालकाने बीळ उकरल्यामुळे, दगावतात. त्यामुळे उकरू नये. अन्न देणे थांबवावे, नळीतून थोडे पाणी चालू ठेवावे आणि पेटीवर तारीख लिहून ठेवावी. शेवटच्या कातीनंतर नर असल्यास जबड्यावर फ्लॅजेलम उमटलेला असतो, म्हणून दर कातीनंतर प्राणी बाहेर आला की नव्याने जबडा तपासावा. हिवाळ्यातही काही प्राणी महिनोन्महिने बिळात राहतात. तेव्हाही हाच नियम.

नर-मादी दोन्ही हाताशी असतील आणि जोडी लावायची इच्छा असेल, तर आधी मादीला चार दिवस नीट खाऊ घालावे, कारण भुकेली मादी नराकडे भक्ष्य म्हणूनच पाहते. संध्याकाळी नराला मादीच्या पेटीत सोडावे आणि हातात पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन शेजारी बसावे. गॅलिओडिस कॅस्पियस या जातीचा समागम जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हाइमन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णिला. नर झडप घालून मादीला पकडतो, ती अंग आखडून निश्चेष्ट होते, तो तिला कुशीवर पाडून जननद्वार जबड्यांनी चाळवतो, शुक्राणूंची पुटी जमिनीवर टाकतो, ती जबड्यांनी उचलून आत सरकवतो आणि निसटतो. सारे काही मिनिटांत आटोपते. पाहणाऱ्याला हे मारामारीसारखे वाटते, परंतु मादी अंग आखडून पडली असेल तोवर मध्ये पडू नये. ती सावध होऊन नराकडे वळली, की मात्र पुठ्ठा मध्ये घालून त्याला बाहेर काढावे. रानातून आलेली मादी पुष्कळदा आधीच फळलेली असते, त्यामुळे नर न मिळाल्यास अंडी मिळतच नाहीत असे नाही.

अंडी घालण्यासाठी मादी खोल बीळ करते आणि पन्नासपासून दोनशेपर्यंत अंडी घालते. हटन यांनी निरीक्षण केलेल्या मादीप्रमाणे गॅलिओडिसच्या माद्या अंड्यांजवळ थांबून राहतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा प्रथम ती हलू-खाऊ शकत नाहीत. पहिल्या कातीनंतर ती चालू लागतात आणि काही दिवस एकत्र राहतात. ती बिळाबाहेर फिरू लागली की प्रत्येकाला स्वतंत्र लहान डब्यात, चार बोटे मातीसह, हलवावे आणि वाळवी किंवा बिनउडत्या फळमाश्या द्याव्यात. येथून प्रौढावस्थेपर्यंत आठ-नऊ काती असतात आणि इथपर्यंत पिल्ले पोहोचवणारे पाळणारे जगात फार थोडे आहेत. अंडी झाली म्हणजे यश आले, असे समजू नये.

प्राणी हाताळायचा नसतो. हलवायचा असेल तर वरून पारदर्शक पेला उपडा घालून खालून जाड कागद सरकवावा. चावला तर जखम साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे, धनुर्वाताची लस घेतलेली आहे का ते पाहावे आणि सूज वाढल्यास डॉक्टरांकडे जावे. परदेशातून आलेला प्राणी कधीही बाहेर सोडू नये. भारतातील अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून कोणताही प्राणी परवान्याशिवाय उचलणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय माळरानावरचा उंटकोळी रात्री विजेरी घेऊन तिथेच पाहता येतो, तेही पेटीतल्यापेक्षा कितीतरी अधिक.

तो मरण पावला की त्याला टाकून देऊ नये. ७० ते ८० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत तो वर्षानुवर्षे टिकतो, जबडे उघडून फ्लॅजेलम सावकाश पाहता येतो, आणि जातीची ओळख बहुतांशी नराच्या त्या अवयवावरूनच होत असल्याने अभ्यासकांना असा नमुना हवा असतो. आपल्या भागात मेलेला सापडलेला उंटकोळी पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी दाखवता येतो. सापडल्याचे गाव, तारीख आणि लिंग एका चिठ्ठीवर लिहून ती बाटलीच्या आत टाकावी, मात्र लिहिताना पेन्सिलच वापरावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.